स्कारबरोची कार्डं: आता पीझहोम पार्कचा गठ्ठा

इंग्लंडच्या समुद्रकाठच्या स्कारबरो गावाच्या जुन्या चित्र-पोस्टकार्डांपैकी दक्षिण कड्यावरच्या बागांची कार्डं सालवार लावून झाली. तिथे फार डोकं चालवावं लागलं नाही. पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त १९११ मध्ये बांधलेला घड्याळाचा मनोरा दिसला की कार्ड त्यानंतरचं. उतारावरच्या लिफ्टचा मात्र काडीचा उपयोग नाही. ती १८७५ पासून चालू आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक कार्डात हजर!

खरी मजा उत्तरेकडच्या पीझहोम पार्कात आहे. नगर अभियंता हॅरी स्मिथ यांनी जपानी थाटात आखलेलं हे पार्क १९१२ मध्ये खुलं झालं. तळ्याच्या मधोमध बेट, आणि बेटाच्या माथ्यावरचा पॅगोडा १९२९ चा. म्हणजे तळं आहे पण माथा बोडका, तर फोटो या सतरा वर्षांतला. (माथा चौकटीत आलाय ना, ते आधी बघा.) मागे अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट असेल तर आणखी जवळ जाता येतं, कारण जून १९१८ मध्ये कार्डाचा दर एक पेनी झाला.

परवा आलेल्या कार्डावर शिक्का १९३३ चा आणि माथा बोडकाच. भिंगाखाली धरलं तर काठावर नुकतीच लावलेली, काठीला बांधलेली रोपं. दुकानदाराने जुना माल खपवलेला, दुसरं काय! तेव्हा शिक्का बघून वही भरू नका. वाफ्यांतल्या लालभडक फुलांवरही विसंबू नका. कृष्णधवल फोटोवर ते रंग छापखान्यात चढायचे.

आता नौकायुद्धाची कार्डं. १९२७ पासून या तळ्यात छोट्या युद्धनौकांची लुटुपुटुची लढाई होते. नौकेच्या पोटात माणूस बसून ती हाकतो, आणि तो असतो नगरपालिकेचा कर्मचारी! याच गावावर १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांनी खरे तोफगोळे डागले होते, आणि पुढे तेरा वर्षांत तिथे आरमारी लढाई ही उन्हाळी करमणूक झाली. मला तरी हे अजब वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर रिव्हर प्लेटची लढाई (१९३९ ची ब्रिटिश-जर्मन आरमारी झुंज) दाखवू लागले, त्यामुळे नौका ओळखता आल्या की कार्डाचा काळही हाती लागेल.

महायुद्धाआधीचं लढाईचं कार्ड कोणाकडे जादा असेल तर कळवा. बदल्यात इटालियन गार्डनची डुप्लिकेट देईन, कोपरे शाबूत आहेत.