रायरेश्वर: ठिणगीला बसायला जागा

गेल्या श्रावणात एका गडावर आमची काडेपेटी भिजली, लायटरही रुसला आणि भरलेल्या स्टोव्हशेजारी बसून चौघांनी मॅगी कोरडीच चावली. त्यानंतर मी फेरो रॉड मागवला, म्हणजे खरवडली की ठिणग्या उडवणारी धातूची कांडी. ठिणग्या दिवाळीसारख्या उडायच्या, पण पेटायचं काहीच नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रायरेश्वरला मुक्कामाला गेलो ते ठिणगी झेलायची कशी हे शिकायला.

रस्ता पुण्याहून कापूरहोळ, भोर, आंबवडे, कोर्ले असा. एसटीने जाणार असाल तर परतीची वेळ भोर स्थानकावरच विचारून ठेवा, पुढे गाड्या मोजक्या. वर चढायला लोखंडी शिड्या आहेत, फार अवघड नाही. पठार साडेचार हजार फुटांच्या आसपास. माथ्यावर वस्ती आहे, तिथल्या घरांत आधी फोन केला तर जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते.

आमचं अर्धं काम भोरच्या पुढे रस्त्यातच झालं. सावरीची बोंडं उकलली होती आणि कापूस डांबरावर लोळत होता. पडलेलाच पिशवीभर गोळा केला. मित्राला तेवढ्यावर समाधान नव्हतं. कुंपणावरच्या एका वेलीवर सोनेरी मखमल चढलेल्या वाकड्या शेंगा त्याला दिसल्या. ‘हे तर सावरीपेक्षा बारीक!’ म्हणत त्याने मूठभर ओरबाडल्या. खाजकुयली. पुढचा तासभर आम्ही गाडीत काय ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर पोचल्यावर घरातल्या आजींनी त्याला शेण चोळायला लावलं. माझा सल्ला असा की खाजवू नका, हात अंगावर फिरवू नका आणि पिशवीत चिकटपट्टी असेल तर ती लावून ओढा, कुसं तिला चिकटून येतात. लवदार दिसलं म्हणून हात घालू नका, आणि कण्हेरीच्या काटक्या किंवा बिब्ब्याचं लाकूड तर जाळात अजिबात नको, दोन्हींचा धूर वाईट.

संध्याकाळी अंगणातल्या चुलीशी बसलो. आजोबांनी कोनाड्यातून वडिलांची चकमक काढली: वाकडं, काळं पडलेलं पोलाद, बोटांत धरायला वळण दिलेलं. सोबत गारेचा, म्हणजे गारगोटीचा, एक तुकडा. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गार सापडते, शेतात नांगराला लागते. धार ताजी हवी; बोथट झाली की एक टवका उडवायचा. गार पोलादाचा कण खरवडते आणि तो कणच जळत उडतो. फेरो रॉडपुढे ही ठिणगी अगदीच गरीब.

मी ऐटीत सावरीचा कापूस पुढे केला. वीसेक वेळा चकमक झाडली. काही नाही.

‘पावनं, ठिणगी टेकती, पर बसत न्हाई,’ आजोबा म्हणाले. ‘तिला आदी जळकं लागतं.’

मग त्यांनी जे केलं ते मात्र नीट वाचा, बाकी वृत्तांत विसरलात तरी चालेल. मलमाची रिकामी पत्र्याची डबी, झाकणाला खिळ्याने एक भोक. आत जुन्या सुती धोतराच्या चिंध्या, दाबून नाही, सैलसर. टेरिकॉट चालत नाही, ते वितळतं. डबी निखाऱ्यांवर ठेवली. भोकातून आधी पांढरा धूर आला, मग बारीक झाला, मग थांबला. धूर थांबला की डबी बाहेर काढायची आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायची नाही. मी घाईने उघडली; वारा लागताच आतल्या चिंध्या लाल झाल्या आणि बघता बघता राख. दुसऱ्या खेपेला जमलं. चिंधी काळीकुट्ट, मऊ, पण अखंड हवी. तपकिरी राहिली तर कच्ची.

ती गारेच्या वरच्या अंगाला, धारेशी काठ जुळवून अंगठ्याखाली धरायची आणि पोलाद वरून खाली घासत आणायचं. मला अकराव्या फटक्याला जमलं. चिंधीवर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसला आणि कडेने पसरायला लागला. जाळ नाही, धूरही नावाला.

मग घरटं. बाहेर वाळलं गवत, आत काथ्या पिंजून, मधोमध सुरीने खरवडलेल्या बांबूचा भुगा आणि थोडा सावरीचा कापूस. ठिपका मधे ठेवून घरटं सैल मिटायचं आणि खालून हळू, लांब फुंकर घालायची. धूर दाट पिवळट झाला की चेहरा मागे घ्या, कारण जाळ एकदमच येतो. माझ्या भुवईचा थोडा भाग रायरेश्वरावर राहिला.

सावरीचा कापूस मग कशाला? फेरो रॉडसाठी. त्याचा तंतू पोकळ आणि मेणचट असतो, पाणी सहसा धरत नाही, म्हणून पावसाळ्यात उपयोगी. पण भक् करून संपतो, तेव्हा काथ्याची जोड हवीच. कोकणात असाल तर भेरली माडाच्या झावळीच्या बुडाशी तपकिरी लव मिळते, तीही चांगली. गोवरीचं काम वेगळं: कोपऱ्याला निखारा लागला की ती राखेखाली तासन्‌तास धुमसत राहते. पूर्वी शेजारी विस्तव मागायला जायचे ते गोवरीचा तुकडा घेऊनच.

हे सगळं गोळा करायचा महिना आणि वणव्याचा हंगाम एकच, १५ फेब्रुवारी ते १५ जून. पठारावरचं गवत तेव्हा ठिणगीची वाटच बघत असतं. राखीव जंगलात विस्तव करणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा ठरू शकतं. आम्ही चुलीपासून हात लांब नेला नाही, शेजारी पाण्याची बादली होती. तंबूपुढे शेकोटी पेटवून फोटो काढणाऱ्यांना आजोबा काय म्हणतात तेही ऐकून आलो. एप्रिलमध्ये साहित्य जमवा, घट्ट झाकणाच्या डबीत भरा, सराव घरच्या अंगणात करा.

निघताना मी चकमक विकत मागितली. आजोबा हसले. ‘गारा न्या की पायजे तेवढ्या,’ म्हणाले. मग भोरला थांबून एक जुनी कानस घेतली. तिची एक कड घासून दात काढून टाकले की तीच चकमक. मशीनवर घासाल तर मधून मधून पाण्यात बुडवा; निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि ठिणगी येत नाही. माझी पहिली कानस अशीच वाया गेली.