‘बटाट्याची आई’ आणि इतर जोडकाम

सोलापूरची गड्डा जत्रा उठली त्या आठवड्यात पुस्तकांची नावं एकमेकांना जोडायची वही पुन्हा उघडली. तेव्हा 23 जोड होते, आज 41 आहेत. त्यातले धड म्हणावेत असे सहा. बाकीचे वाचून दाखवले की माणसं ‘हं’ म्हणतात आणि चहाकडे वळतात.

मुख्य खेळ तोच, एका पुस्तकाच्या नावाचं शेपूट तेच दुसऱ्याचं तोंड. पहिला नंबर अजून ‘श्यामची आई समजून घेताना’कडेच. साने गुरुजींचं पुस्तक 1935चं, उत्तम कांबळ्यांचं त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेलं, पण मधली ‘आई’ दोघांना पुरते. दुसरा ‘असा मी असामी कसा झालो’. पु. लं.च्या ‘असामी’तला ‘मी’ फोडून अत्र्यांच्या ‘मी कसा झालो’ला दिलाय. शब्द फोडणं काहींना मान्य नाही, मला आहे. म्हणताना जीभ अडखळली नाही की झालं. त्याच न्यायानं ‘स्वामी कसा झालो’ही पास. माधवराव पेशव्यांवरची कादंबरी एका फटक्यात कुणा बुवाचं आत्मचरित्र होते! ‘पानिपत’ आणि ‘तराळ-अंतराळ’चा ‘पानिपतराळ अंतराळ’ मात्र खोडला. नुसत्या ‘त’वर एवढं ओझं पेलत नाही.

या खेपेचा लाडका जोड: ‘एक झाड आणि दोन पक्षी जाय दिगंतरा’. विश्राम बेडेकरांचं आत्मचरित्र आणि आमच्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचं पुस्तक. मी खुशीत भाचीला ऐकवला, तर ती म्हणाली, “मामा, दोन पक्षी ‘जाय’ कसं? ‘जातात’ पाहिजे की.” बरोबर आहे. ती ओळ जनाबाईच्या अभंगातली, आणि तिथला पक्षी पिलांसाठी चारा आणायला एकटाच जातो. दोन दिवस खटपट केली, मग समोर ‘व्याकरणात नापास, तरी ठेवला’ असं लिहून टाकलं. चितमपल्ली 1932 साली इथंच जन्मले, तेव्हा एवढा पक्षपात चालावा.

दुसरा खेळ दोन नावांची शेपटं अदलाबदल करायचा, त्यात कडक नियम लावून घेतलाय: प्रत्ययाला हात लावायचा नाही. त्यामुळे ‘ची’ला ‘ची’च लागते. ‘श्यामची आई’ आणि ‘बटाट्याची चाळ’ यांची अदलाबदल केली तर ‘श्यामची चाळ’ अगदीच मिळमिळीत निघते, पण ‘बटाट्याची आई’ म्हटल्यावर घरात सगळे फुटले. कादंबरीकार श्री. ना. पेंडशांनी तर नियमाचीच मजा केली. ‘गारंबीचा बापू’ आणि ‘तुंबाडचे खोत’ यात एक ‘चा’, एक ‘चे’. म्हटलं जमणार नाही. जमलं! ‘गारंबीचा खोत’ सरळच आहे, आणि ‘तुंबाडचे बापू’ आदरार्थी. फक्त ही दोन्ही नावं इतकी पेंडशांचीच वाटतात की कुणी हसतच नाही.

पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये नावांच्या भेंड्या लावल्या. स्वामी, मृत्युंजय, युगंधर, राधेय, ययाति, तुंबाडचे खोत, तराळ-अंतराळ. कुर्डुवाडीच्या आत खेळ खलास, कारण ‘ळ’वरून मराठीत शब्दच सुरू होत नाही. गाण्याच्या भेंड्यांत ‘ल’ चालवून घेतात, आम्ही ती सवलत देत नाही. मधली चार नावं महाभारतातली, त्यात कर्ण दोनदा, हे खेळून झाल्यावर लक्षात आलं. भाची आता कोंडी झाली की ‘बटाट्याची चाळ’ टाकते. मी ‘रणांगण’ राखून ठेवतो, ‘ण’वरही कुणाला पुढे जाता येत नाही.

पुस्तकांची चळत लावून कण्यांवरची नावं ओळीनं वाचायची, हे काम मागे पडलंय. अमेरिकेत नीना कॅचाडोरियन या चित्रकर्त्या कलाकार 1993पासून हेच करतायत, पण त्यांना आपली बांधणी भेटलेली नाही. एका वाचनालयात परवानगी काढून गेलो, तर अर्ध्या पुस्तकांना नवी रेक्झिनची पाठ, तिच्यावर नुसता दाखल क्रमांक. मी दहा-बारा पुस्तकं टेबलावर रचली तेवढ्यात तिथल्या बाई आल्या. “हे काय करूलालाव? वाचायचंय का नुसतं मांडायचंय?” उत्तर देता आलं नाही. पुस्तकं जागच्या जागी लावून बाहेर पडलो. घरच्या कपाटातून एक तेवढी जमली:

शाळा
आहे मनोहर तरी
झाडाझडती

पुढच्या खेपेला ‘कोसला’ घ्यायचाय. तीन आठवडे झाले, मागून नाही, पुढून नाही, उदाहरणार्थ कशालाच चिकटत नाही. त्यातल्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचंच पुस्तक ते.