ओळखीत कागद कशाला?

मी धंदेवाल्यांचे हिशेब लिहून देते. म्हापशाच्या बाजारातले दुकानदार असोत की कळंगुटला खोल्या भाड्याने देणारे, मला सगळे एकच विचारतात: "एवढी वर्षांची ओळख आहे, मग हिशेब लिहायला करार कशाला? आमच्यावर विश्वास नाही का?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

विश्वास आहेच. आणि तोंडी ठरलेलाही करारच असतो, १८७२च्या करार कायद्याने तो चालतो. पण वर्षभराने काय ठरलं होतं ते दोघांना दोन तऱ्हेने आठवतं. "ताई, रिटर्नचं तुम्हीच बघा" असं पार्टी म्हणते तेव्हा तिच्या मनात जीएसटी, टीडीएस, आयकर, बँकेच्या कर्जाचे कागद, बार असेल तर अबकारीची रजिस्टरंसुद्धा असतात. मी फी सांगितलेली असते ती टॅलीतल्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या) एंट्र्या आणि जीएसटी एवढ्याचीच. म्हणून माझ्या कराराच्या पहिल्या पानावर कामांची यादी असते आणि तिच्याखाली मी काय करणार नाही तेही असतं. ऑडिट लागलं तर त्यावर सही सीएचीच, माझी चालत नाही.

गोव्यात यात आणखी एक भर पडते. पोर्तुगीज सिव्हिल कोडप्रमाणे समाईक मालमत्ता असलेल्या नवरा-बायकोचं धंद्याचं उत्पन्न आयकरासाठी निम्मं-निम्मं वाटलं जातं आणि दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. पगार तेवढा ज्याचा त्याचा. म्हणजे दुकान एक, पण रिटर्नं दोन. बोलणी करायला नवरा एकटाच येतो, आणि बायकोच्या नावावर किती उत्पन्न दाखवलं ते तिला कुणी सांगतच नाही. मला हे अजिबात मान्य नाही. करारावर मी तिचीही सही घेते, आणि कागद तिला वाचायला देते.

तारखांचं कलम सगळ्यांना जाचक वाटतं. दरमहा रिटर्न भरणाऱ्याचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जावा लागतो, आणि ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, साधारण २० तारखेपर्यंत. ३बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. पण खरा फटका गिऱ्हाइकाकडून बसतो. तुम्ही हॉटेलला माल दिलात आणि ११ तारीख चुकली, की १४ तारखेला तयार होणाऱ्या हॉटेलच्या २बीमध्ये, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, तुमचं बिल दिसत नाही. त्यांचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) महिनाभर लांबतं, मग ते तुमचं पेमेंट अडवतात. म्हणून करारात लिहिते: बिलं ५ तारखेपर्यंत माझ्याकडे. ती वेळेवर आली आणि उशीर माझ्याकडून झाला, तर लेट फी मी भरणार. १० तारखेच्या संध्याकाळी पिशवीभर पावत्या आल्या, तर लेट फी तुमची.

आता पासवर्ड. एक पार्टी माझ्याकडे आली तेव्हा जीएसटी पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल दोन्ही आधीच्या हिशेबनिसाचे होते. तो फोन उचलत नव्हता, आणि ओटीपी त्याच्याच फोनवर जात होता. मालकाला स्वतःच्याच धंद्याचं खातं उघडता येईना. शेवटी पुरावे घेऊन कर कार्यालयात जाऊन नंबर बदलून घ्यावा लागला, तोवर रिटर्न अडकलं ते अडकलंच. माझ्या करारात मोबाइल आणि ईमेल तुमचेच. ओटीपी आला की तुम्ही मला सांगायचा.

फी थकली तर लेखी कळवून मी पुढचं काम थांबवते, पण तुमचा डेटा किंवा बिलं अडवत नाही. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपण्याची जबाबदारी कायद्याने धंदेवाल्यावर टाकली आहे. ते मी दाबून ठेवले तर अधिकाऱ्यापुढे तुम्ही काय ठेवणार? काम सोडायचं असेल तर कुणीही एक महिना आधी सांगायचं. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर, बिलांचे गठ्ठे यादीप्रमाणे, आणि मिळाल्याची तुमची सही.

मसुदा मराठीत आहे, दोनच पानांचा. घरी दोघांनी वाचा, पटणार नाही तिथे पेन्सिलने खूण करा, मग बसून बोलू.