बुधवारचा परतलेला खिमा

महाराष्ट्रातील अनेक मांसाहारी घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळले जातात, काही ठिकाणी मंगळवारही त्यांत जाऊन बसतो, आणि मग सामिष स्वयंपाकासाठी बुधवार, शुक्रवार व रविवार एवढेच वार उरतात. रविवारच्या मटणाला वेळ असतो, वाटण असते, रस्सा असतो आणि जेवणानंतरची झोपही असते. बुधवारी मात्र कामावरून घरी पोहोचायलाच आठ वाजतात आणि नऊच्या आत पाने घ्यायची असतात. एवढ्या वेळात बसणारा पदार्थ म्हणून मी भाज्या घालून परतलेला कोरडा खिमा करते. तो म्हणजे रविवारच्या खिम्याची घाईने उरकलेली आवृत्ती, असे मात्र समजू नये. रविवारचा खिमा ओलाव्यात शिजवायचा असतो, तर बुधवारचा खिमा ओलावा घालवत परतायचा असतो, आणि कृतीतील जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका फरकातून येतो.

सुरुवात खाटकाच्या दुकानापासूनच होते. बोकडाच्या मांसात स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट पडदे आणि धागे बरेच असतात. ते मऊ होण्यासाठी ओली आणि मंद आच लागते, आणि यंत्रातून काढल्याने ते आखूड झाले तरी नाहीसे होत नाहीत. म्हणून ‘ताई, एकदा काढू की दोनदा?’ असे खाटकाने विचारले, तर झटपट परतण्यासाठी दोनदाच काढून घ्यावा आणि मांस मांडीचे, पडदे काढलेले मागावे. एवढे करूनही तो थोडा चावावा लागतोच. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारी मी बहुधा कोंबडीचा खिमा वापरते. त्यातही दुकानदाराला काही सांगितले नाही तर तो छातीच्या मांसाचा खिमा देतो. त्यात चरबी नसल्याने मोठ्या आचेवर त्याचा कोरडा चुरा होतो. तंगडीच्या वरच्या भागाचे मांस काढून घेतले, तर त्याची स्वतःची चरबी सुटते आणि तेलही कमी लागते. मटणाशिवाय ज्यांचे पान हलत नाही त्यांनी रविवारीच खिमा मीठ-हळद लावून कुकरला दोन शिट्ट्या देऊन ठेवावा, पाणी आटवून गोठवावा आणि बुधवारी थेट परतायला घ्यावा.

गोठवण्याविषयी एक सूचना केलीच पाहिजे. खिम्याचा गोळा पिशवीत तसाच कोंबून बर्फाच्या कप्प्यात टाकला, तर बुधवारी संध्याकाळी त्याचा दगड हातात येतो. तोच खिमा पिशवीत पोळीसारखा चपटा थापून ठेवला आणि सकाळी निघताना फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढला, तर घरी येईपर्यंत मोकळा झालेला असतो. ओट्यावर मात्र तो दिवसभर ठेवू नये. अखंड तुकड्याच्या केवळ पृष्ठभागावर असलेले जंतू दळताना सगळ्या खिम्यात मिसळतात, आणि म्हणूनच खिमा तुकड्यांपेक्षा अधिक काळजीने हाताळावा लागतो व आतपर्यंत शिजवावा लागतो. कोंबडीच्या मांसासाठी 74 अंश सेल्सिअस हे सुरक्षित तापमान मानले जाते. पातळ थरात खमंग परतलेला खिमा ते सहज ओलांडतो. खिमा धुण्याची सवय अनेक घरांत आहे. धुण्याने जंतू जात नाहीत, ते काम आचेचे आहे, आणि धुतलेला खिमा पाणी धरून बसतो. सवय सुटतच नसेल, तर निदान चाळणीत घालून तो घट्ट दाबून पिळावा.

तिघांसाठी मी साधारण 300 ग्रॅम खिमा आणि तेवढ्याच किंवा थोड्या जास्त भाज्या घेते. दुसऱ्या दिवशी गुरुवार असल्यामुळे उरवून चालत नाही, हेही त्या मापामागचे कारण आहेच. फरसबी, गाजर, ढोबळी मिरची आणि कोबी या भाज्या मला सोयीच्या वाटतात. फरसबी अगदी बारीक, तिरकी कापावी, गाजराच्या काड्या कराव्यात, ढोबळी मिरची थोडी मोठी चिरावी आणि कोबी जाडसर ठेवावा, कारण बारीक चिरलेला कोबी कढईत पडताच गळतो. कोबी आणि ढोबळी मिरची यांच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते सगळे कढईत सुटले, तर खिमा परतला न जाता उकडतो. म्हणून भाज्या आधी, वेगळ्या आणि मीठ न घालता परतायच्या. बिडाची किंवा लोखंडी रुंद कढई धूर येऊ लागेपर्यंत तापवावी, दोन चमचे तेल सोडावे, प्रथम फरसबी आणि गाजर घालून तीन-चार मिनिटे परतावे, मग बाकीच्या भाज्या घालून मिनिट-दीड मिनिटात सगळे ताटात काढून पसरून ठेवावे. झाकण ठेवू नये. फरसबीवर थोडे काळे डाग पडले तर उत्तम. चीनच्या सिचुआन प्रांतात तर शेंगांना सुरकुत्या पडेपर्यंत परतून मग त्यांत डुकराच्या मांसाचा खिमा आणि खारवलेली मोहरीची पाने घालतात. शेंगा आणि खिमा यांचे जमते हे त्यांनी पक्के ओळखले आहे. थायलंडमध्ये असाच झटपट खिमा ज्या पानांनी सुगंधी करतात, ती आपल्या तुळशीचीच जात आहे. हे आमच्या घरी सांगितल्यावर जो चेहरा पाहायला मिळाला, त्यानंतर तो प्रयोग मी मनातच ठेवला आहे.

त्याच कढईत आणखी थोडे तेल घालून खिमा टाकावा, उलथन्याने दाबून पातळ पसरावा आणि दीड-दोन मिनिटे त्याला अजिबात हात लावू नये. येथे हात शिवशिवतो, पण सतत ढवळले की कढई थंड पडते आणि पाणी लवकर सुटते. खालची बाजू रंगू लागली की उलटून गुठळ्या फोडाव्यात. यापुढे डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबावे. टाकताना होणारा चर्र असा आवाज काही वेळातच मंदावतो, खिमा फिकट होतो, कडेने गढूळ पाणी दिसू लागते आणि खदखद सुरू होते. अनेकजण याच टप्प्यावर खिमा शिजला असे मानून मसाला घालतात. तो शिजलेला असतो, पण खमंग झालेला नसतो. पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही आणि मांसाला तपकिरी रंग व भाजल्याची चव येण्यासाठी साधारण 140 अंशांपुढची आच लागते. म्हणजे कढईत पाणी आहे तोवर हे घडणे शक्यच नसते. आच मोठीच ठेवून वाट पाहावी. खदखद थांबते, आवाज कोरडा होऊन तडतड ऐकू येते, कडेला स्वच्छ तेल सुटलेले दिसते आणि दाणे एकमेकांपासून सुटे होतात. घरच्या शेगडीला हॉटेलच्या भट्टीची आच नसते, त्यामुळे अर्ध्या किलोपेक्षा जास्त खिमा असेल तर दोन घाण्यांत करावा. नॉनस्टिकचे भांडे मात्र एवढ्या आचेवर रिकामे तापवू नये, त्याचा थर खराब होतो.

आले, लसूण आणि हिरव्या मिरच्या यांचा ठेचा या तडतडीनंतरच घालायचा, कारण आधी घातला तर तो पाण्यात उकडून कच्चट राहतो. मीठही याच वेळी. कच्च्या खिम्यात मीठ मळले की तो चिकट होऊन त्याच्या गुठळ्या बनतात. कबाबासाठी तो गुण आहे, येथे नाही. अर्धे मिनिट परतून आच कमी करावी, एक चमचा कांदा-लसूण मसाला आणि भरपूर ताजी मिरपूड घालावी आणि मसाला करपण्याआधी ताटातल्या भाज्या परत कढईत घ्याव्यात. गरम मसाल्याचा मोह मी टाळते, कारण त्या वासाखाली फरसबी आणि ढोबळी मिरची हरवून जातात. टोमॅटोही नको, तो आटवत बसलेले सगळे पाणी परत घेऊन येतो. मोठ्या आचेवर मिनिटभर उलटसुलट करून गॅस बंद करावा, अर्धे लिंबू पिळावे आणि मूठभर कोथिंबीर देठांसकट चिरून घालावी.

भाताबरोबर हा खिमा खायचा असेल, तर वर कडा कुरकुरीत तळलेले अंडे ठेवावे, म्हणजे पिवळ्या बलकाने भात ओला होतो आणि रश्श्याची उणीव भासत नाही. भाकरीबरोबर अंडे नको, पण शेजारी कच्चा कांदा हवा. पाव असेल तर तो त्याच कढईत, उरलेल्या तेलावर दाबून भाजून घ्यावा.