गांधीलमाशीचा मणी

डॅनिश माणूस तुमच्या गळ्यात काय आहे, हे सहसा विचारत नाही. सहा वर्षांत ऑफिसात, शाळेच्या फाटकाशी, दुकानात कुणीही माझ्या मंगळसूत्राबद्दल चकार शब्द काढला नव्हता. विचारलं ते रिबेच्या वायकिंग संग्रहालयात तिकीट देणाऱ्या आजींनी. चष्मा कपाळावर चढवून त्या माझ्या पोतीकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "काळं-पिवळं आमच्याकडेही आहे. मण्यांची काचपेटी चुकवू नकोस."

वाटाण्याएवढे काळे मणी आणि त्यांच्या अंगावर पिवळ्या काचेचे पट्टे. पुरातत्त्ववाले त्यांना गांधीलमाशी मणी म्हणतात. आठव्या शतकातले, इथेच, रिबेत घडलेले. माझ्या पोतीत काळ्यांच्या मध्ये सोन्याचा मणी येतो. इथे ते सोनं काळ्याच्याच अंगावर चढवलेलं. बघता बघता ठरवून टाकलं, हा मणी आपण करायचा. सातारी हट्ट.

रिबे आमच्या एस्ब्येर्गहून गाडीने अर्ध्या तासावर. डेन्मार्कमधलं सगळ्यात जुनं गाव, इ.स. 700 च्या आसपास इथे नदीकाठी बाजार भरू लागला. मणी करणारे तिथेच बसत. गंमत म्हणजे काच बनवायची कशी, हे त्यांना येत नव्हतं. त्यांच्याकडे यायचे ते दक्षिणेकडच्या रोमन आणि बायझंटाइन इमारतींवरल्या मोझाइकचे चौकोनी तुकडे. ते वितळवून हे मणी. म्हणजे आपल्या भाषेत भंगारच, पण काय भंगार!

शनिवार-रविवारच्या एका कार्यशाळेत नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, स्वतः मणी घडवणाऱ्या. पहिला दिवस गॅसच्या ज्योतीवर, दुसरा कोळशाच्या भट्टीवर. मला वाटलं होतं, आधी जुनं शिकवतील, मग नवं. त्या म्हणाल्या, "भट्टीवर आग सांभाळू की काच, हेच कळत नाही. आधी काच कळू दे."

कृती ऐकायला सोपी आहे. स्टीलची बारीक सळई मातीच्या पातळ राबडीत बुडवून वाळवायची, म्हणजे मणी नंतर सुटतो. काचेची कांडी हळूहळू ज्योतीत न्यायची. घाईने नेली की तडतडून तिचे तुकडे उडतात. माझे उडाले, एक बाहीवर येऊन पडला. कांडीचं टोक मधासारखं लोंबायला लागलं की ते सळईला टेकवून सळई फिरवायची. मग फिरवतच राहायचं. गोलाई काच स्वतः धरते, तुमचं काम फक्त हात न थांबवण्याचं. हात थांबला की मणी खालच्या बाजूला लोंबतो आणि त्याचा आवळा होतो.

डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा असतो. काचेतल्या सोड्यामुळे ज्योत भगभगीत पिवळी होते, ते पिवळं हा चष्मा गाळतो. तरीही आतला रंग कळत नाही. तापलेली पिवळी काच लाल दिसते, तापलेली काळी नारिंगी दिसते, आणि आपण काय करतोय हे दुसऱ्या दिवशी मणी निववायची भट्टी उघडल्यावर कळतं. हे मला फार जड गेलं. पोळी करपली तर निदान वास तरी येतो.

पहिला मणी सळईवरून सुटलाच नाही, कारण माती तडकली होती. दुसरा आवळा. तिसरा चांगला गोल झाला, पण कसा झालाय ते बघायला मी तो ज्योतीबाहेर धरला आणि टिक्! बारीकसा आवाज, मधोमध चीर. बाहेरची काच निवून आवळते, आतली अजून गरम, मग ती फुटणारच. म्हणून मणी झाला की थेट पाचशे अंशांच्या विजेच्या भट्टीत ठेवतात आणि रात्रभर हळूहळू निवू देतात. बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांना बघायचं असतं."

खरी परीक्षा पट्ट्याची. पिवळ्या काचेचा गोळा तापवून चिमट्याने ओढला की त्याची तार निघते, हुबेहूब पक्क्या पाकाची. ही तार मण्यावर गुंडाळायची. पण तार ज्योतीत गेली की मण्याला टेकायच्या आधीच तिचा थेंब होतो. तासभर मी थेंबच पाडत होते. बिबट्यासारखे ठिपके असलेले दोन मणी झाले, तेही वाईट दिसत नव्हते. शेवटी युक्ती उमगली. तार ज्योतीच्या बाहेर ठेवायची, मणी ज्योतीच्या कडेला, आणि मण्याच्या अंगच्या उष्णतेनेच तिला ओढून घेऊ द्यायचं. लहानपणी आजी पाकाची तार दोन बोटांत बघायची, त्यात ताकद नव्हती, वेळ होती. तेच इथे.

रविवारी अंगणातली मातीची भट्टी, लोणारी कोळसा, दोन भाते. भाता मारायला प्रत्येकाची पाळी. वीस मिनिटांत दंड भरून आले. ज्योत स्थिर नाही, राख उडून काचेत शिरते. इथे बाईंनी आम्हाला काळा-पिवळा करूच दिला नाही, पांढरा करायला लावला. रिबेतल्या पांढऱ्या मण्यांवर 2022 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निघालं, की सोनेरी वर्ख घातलेले पारदर्शक मोझाइक तुकडे चुरून, कमी आचेवर वितळवून, घोटून घोटून त्यांत हवेचे बुडबुडे अडकवले जात. त्या बुडबुड्यांमुळे काच पांढरी दिसे. रंग संपला तर हवा घातली! मी साध्या पारदर्शक काचेचा चुरा घोटला. माझा मणी काही पांढरा झाला नाही, फार तर पातळ ताकाचा झाला. तरी त्या दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट हीच.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी स्वतःचं काम दाखवलं. बाटल्यांच्या काचेचे मोठे, बुडबुडे भरलेले, मुद्दाम वाकडे ठेवलेले मणी, जाड दोरात ओवलेले. गळ्यात घालायचा की भिंतीवर टांगायचा, हे त्या सांगत नाहीत. माझ्या शेजारचे गृहस्थ वायकिंग मेळ्यांत जाणारे. त्यांना संग्रहालयातल्या मण्याची तंतोतंत नक्कल हवी होती. मला विचाराल तर बाईंचे वाकडे मणी त्या काचपेटीला जास्त जवळचे वाटले. पर्यटकांच्या दुकानांतले 'वायकिंग मणी' मात्र इतके गुळगुळीत असतात, की ते आपल्या उत्तर प्रदेशातल्या, काचमण्यांच्या पुरदिलनगरहून आले असतील अशी मला दाट शंका आहे. तसं झालं तर तेही जुनंच. आठव्या शतकाच्या अखेरीस मध्यपूर्वेचे मणी ढिगाने यायला लागले आणि इथल्या कारागिरांचा धंदा बसला. स्वीडनमध्ये बिर्का या वायकिंगांच्या व्यापारी गावातल्या कबरींत लालसर अकीकाचे मणी सापडतात, ते भारतातून आले असावेत असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

भट्टीतून माझे सात मणी निघाले. त्यातला एक काळा-पिवळा, ज्याला गांधीलमाशी म्हणता येईल असा. पट्टा दोन ठिकाणी तुटलेला, एका बाजूला जाड. तो पाण्यात भिजवून, सळई पकडीने धरून पिळून काढला, भोकातली माती ओल्या कानशीने घासली. घरी येऊन पोत उसवली, मध्ये तो घातला.

आणि फजिती. सळई तीन मिलिमीटरची, तेवढंच मण्याचं भोक. पोतीतले बारीक काळे मणी एकामागून एक त्याच्या पोटात गायब. गांधीलमाशीने चार मणी गिळले.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. मंगळसूत्रात हे असलं काय घातलंयस, असं ती म्हणेल अशी माझी तयारी होती. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "भोक मोठं झालंय. दोन्हीकडून रेशमाची गाठ मार, जाड. पटवेकऱ्याच्या दुकानात तासन्‌तास बसायचीस, तेव्हा नुसते गोंडेच बघत होतीस का?"

रेशीम नव्हतं. विणकामाच्या काळ्या सुती दोऱ्याची गाठ मारलीय, सध्या टिकून आहे.