पाऊस-नोंद ॲप: सोबत काय द्यायचं, काय मागे ठेवायचं

गावागावांतल्या पर्जन्यमापकाचे आकडे टिपायला सी प्लस प्लस आणि क्यूटी 5 (खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररींचा संच) मध्ये लिहितोय ते ॲप आता औसा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या जुन्या संगणकावर चालतंय. तिथे डेबियन 10 (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि इंटरनेट नाही. 'एवढी पॅकेजं टाकून घ्या' म्हणायची सोयच नाही. पेनड्राइव्हवरून फोल्डर उतरवायचं आणि क्लिक करायचं, एवढ्यात भागलं पाहिजे. मृग लागायच्या आत आणखी गावांत द्यायचंय, म्हणून पद्धत पक्की करून घेतली.

पहिला प्रश्न, बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं, कुठे करायचं? माझ्या लातूरच्या मशीनवर उबंटू 22.04, म्हणजे जीलिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ सी लायब्ररी) 2.35. तिथे बनवलेला दोन ओळींचा प्रोग्रामसुद्धा किमान 2.34 मागतो, कारण मेनला (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनला) हाक मारणाऱ्या जीलिबसीतल्या फंक्शनलाच त्या आवृत्तीत नवा आवृत्ती-शिक्का मिळालाय. डेबियन 10 कडे आहे 2.28. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. म्हणून बिल्ड डेबियन 10 च्याच कंटेनरमध्ये (मशीनच्या आत वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त प्रणालीत).

जीलिबसीच सोबत का देत नाही, असं काही जण विचारतात. लोडरचा (सुरू होताना लायब्ररी जोडून देणाऱ्या प्रोग्रामचा) पूर्ण पत्ता बायनरीत, म्हणजे चालणाऱ्या फाइलीत, कोरलेला असतो आणि लोडर व लिबसी (जीलिबसीची मुख्य फाइल) एकाच आवृत्तीचे लागतात. ती जोडी फोडली की क्रॅश ठरलेला. ओपनजीएल (पडद्यावर चित्र काढायची लायब्ररी) हीही मागेच ठेवतो, ते त्या मशीनच्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी बांधलेलं असतं. बाकी क्यूटी, आयसीयू (भाषा-लिपी हाताळणारी लायब्ररी) वगैरे बिऱ्हाड सोबत. एकट्या आयसीयूच्या डेटा फाइलनेच फोल्डर 20 एमबीच्या वर जातं, पण ते सोसावं.

आता खरी गंमत रनपाथची, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायच्या हे फाइलीतच लिहिलेल्या पत्त्याची. मुख्य बायनरीला 'डॉलर ओरिजिन स्लॅश लिब' लावलं (डॉलर ओरिजिन म्हणजे ती फाइल आहे तो फोल्डर) की लोडर बायनरीच्या शेजारच्या लिब फोल्डरात शोधतो. पण रनपाथ फक्त त्या फाइलच्या थेट गरजांपुरता असतो. क्यूटी कोअरला आयसीयू हवं असेल तर तो शोध मुख्य बायनरीच्या रनपाथने होत नाही. म्हणून लिब फोल्डरातल्या प्रत्येक .एसओ (लायब्ररी) फाइलला पॅचएल्फ या साधनाने स्वतःचा 'डॉलर ओरिजिन' लावतो. रनपाथचा जुना प्रकार, आरपाथ, लायब्ररींच्या लायब्ररींपर्यंत खाली झिरपतो, तोही चालला असता, पण प्रत्येक फाइल स्वयंपूर्ण असलेली मला आवडते. एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी शोधायचा पत्ता बाहेरून सांगणारी सेटिंग) लिहिलेली शेल स्क्रिप्ट मात्र नकोच. ॲपमधून पीडीएफ उघडला की तोच पाथ पीडीएफ व्ह्यूअरलाही चिकटतो आणि त्याला आपल्या जुन्या लायब्ररी मिळतात.

एलडीडी ही आज्ञा फाइलला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देते, पण त्या यादीवर विसंबू नका. पडद्यावर खिडकी दाखवणारा क्यूटीचा एक्ससीबी प्लगइन ॲप चालू झाल्यावर डीएलओपनने (चालू असतानाच लायब्ररी उघडणाऱ्या फंक्शनने) उघडला जातो, त्यामुळे तो त्या यादीत येतच नाही. तो प्लॅटफॉर्म्स फोल्डरात हाताने ठेवायचा, त्याच्यावर वेगळं एलडीडी चालवायचं आणि त्याचा रनपाथ एक पायरी वर जाऊन लिबकडे वळवायचा. खिडकी उघडलीच नाही, तर क्यूटी डीबग प्लगइन्स ही सेटिंग 1 करून टर्मिनलमधून चालवा, नेमकी कोणती फाइल अडली ते नाव येतं. लायब्ररी कुठल्या फोल्डरातून उचलली हे पाहायला एलडी डीबग या सेटिंगला 'लिब्स' ही किंमत द्या.

तपासणी क्यूटी कधीच न टाकलेल्या व्हर्च्युअल मशीनवर करतो. लोहित देवनागरी फॉन्ट फोल्डरातच आहे. आता 32 बिटच्या मशीनसाठी वेगळा बिल्ड बाकी आहे, तो याच कंटेनरच्या आय386 (32 बिटच्या) प्रतीत करणार.