चालायला त्रास, आणि एक ‘टू’

इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावाचं पत्र परत आलं तेव्हा त्यावर लाल शाईचे अकरा गोल होते. नाइट ड्यूटीला पहाटे चारच्या सुमारास वॉर्ड जरा शांत झाला, तेव्हा बसून मोजले. त्यातले आठ गोल एकाच शब्दापायी होते. कुठे तो नको असताना घातलेला, कुठे हवा असताना गाळलेला. शब्द केवढासा, तर ‘टू’.

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम; कन्नड भाषा शाळेत आणि बसस्टँडवर शिकलेली. इंग्रजी वहीत होती, तोंडात कधी आली नाही. नर्सिंग करून बेळगावात नोकरीला लागले. आमच्या वॉर्डातल्या दोघी इंग्लंडला गेल्या आणि मलाही ओईटीचं वेड लागलं. ही डॉक्टर-नर्स मंडळींसाठीची इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला ५०० पैकी गुण. ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीला तीन भागांत ३५० लागतात, लिहिण्यात ३०० चालतात. लिहिणं म्हणजे एकच पत्र. पेशंटच्या केस नोट्स वाचायला ५ मिनिटं, आणि पुढच्या ४० मिनिटांत १८० ते २०० शब्दांत दुसऱ्या नर्सला किंवा डॉक्टरला त्या पेशंटबद्दल कळवायचं. बाकी तिन्ही भाग पहिल्या फेरीत निघाले. लिहिण्यात २७०.

(फॉर्म भरतानाचा वेगळाच घोळ. दहावीच्या मार्कशीटवर बेलगाम, नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर बेळगावी, कारण मधे १ नोव्हेंबर २०१४ ला इंग्रजीतलं नाव बदललं. घरी आम्ही बेळगावच म्हणतो. ते निस्तरण्यात आठवडा गेला.)

लाल गोल काढणाऱ्या आमच्या सीनियर मल्याळी सिस्टर. त्या म्हणाल्या, “ग्रामर पाठ करू नकोस. तू मराठीत विचार करतेस, तर मराठीत कुठे अडतंय ते बघ.” मला तेव्हा हे पटलं नव्हतं. मराठीत विचार करते म्हणूनच तर चुकते ना.

मग एक दिवस वॉर्डातल्या मावशी रजेचं सांगायला आल्या. त्या बैलहोंगलकडच्या, बोलणं कन्नडच. “ऊरिगे होगाक रजा बेकु.” मी इन्चार्ज सिस्टरना मराठीत सांगितलं, “त्यांना गावाला जायला रजा पाहिजे.” आणि रजिस्टरमध्ये इंग्रजीत लिहिलं, ‘लीव्ह टू गो टू व्हिलेज.’ लिहिता लिहिता हात थांबला. ‘गावाला’तला ला आणि ‘जायला’तला ला एकच. कन्नडमध्ये ‘ऊरिगे’चा गे आणि ‘होगाक’चा क हेही एकाच विभक्तीचे, ‘होगलिक्के’चं आमच्याकडे होगाक झालेलं. इंग्रजीतही दोन्हीकडे टू. शाळेत घोकलेलं ‘चतुर्थी, स-ला-ना-ते’ असं नर्सिंग स्टेशनवर भेटेल असं वाटलं नव्हतं. पुढे वाचलं की जुन्या इंग्रजीत टू नंतरच्या क्रियापदालाही चतुर्थीसारखा प्रत्यय लागायचा. म्हणजे क्रियापदामागचा टू मूळचा ‘कडे’ सांगणाराच.

त्या रात्री मी पत्रातली सगळी नामं काढून मराठीत त्यांच्या आधीच्या क्रियापदाला ला लावून बघितला. औषध घ्यायला नकार: रिफ्यूजल टू टेक. घरी जायला परवानगी: परमिशन टू गो. बसायला जागा, बोलायला वेळ, शिकायला संधी. सगळीकडे टू, सगळं बरोबर. ‘चान्स’ने तर मजाच केली. ‘संधी’ला ला चालतो, म्हणून चान्स टू. ‘शक्यते’ला चालत नाही, ‘पडायला शक्यता’ कुणी म्हणत नाही, म्हणून चान्स ऑफ फॉलिंग. एका इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ मराठीने आधीच वेगळे करून ठेवलेले. मी खूश.

तीन दिवस खूश. पुढच्या पत्रात मी ठोकून लिहिलं, ‘शी हॅज डिफिकल्टी टू वॉक.’ चालायला त्रास, ला आहे, म्हणून टू. सिस्टरनी गोल काढला. डिफिकल्टी वॉकिंग, फार तर डिफिकल्टी इन वॉकिंग. गिळायला त्रास, झोपायला त्रास, श्वास घ्यायला त्रास, नर्सच्या पत्रात सगळ्यात जास्त येतो तोच शब्द, आणि नियम नेमका तिथेच फसला. मी चिडून म्हटलं, “असं का?” सिस्टर म्हणाल्या, “असंच आहे.” ते मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं: त्रासाला टू नाही.

उरली ती ‘चा-ची-चे’वाली नामं, आणि तिथे मराठी काहीच मदत करत नाही. चालण्याची क्षमता, चालण्याचा प्रयत्न, पडण्याचा धोका, सिगारेट ओढण्याची सवय, सगळ्यांना एकच षष्ठी. इंग्रजीत मात्र ॲबिलिटी टू वॉक, अटेम्प्ट टू वॉक, पण रिस्क ऑफ फॉलिंग, हॅबिट ऑफ स्मोकिंग. इथे मी नामाचं माहेर विचारायला लागले. डिसिजनचं माहेर डिसाइड, ते टू घेतं, ॲबिलिटीचं एबल, विलिंगनेसचं विलिंग, नाम टू बरोबर घेऊन येतं. रिस्कच्या, हॅबिटच्या माहेरी टू नाहीच, म्हणून ऑफ. होप तेवढी हट्टी, ‘होप टू गो होम’मधला टू माहेरीच ठेवून ‘होप ऑफ गोइंग होम’ अशी येते. आणि व्हिजिटचं सगळं उलटं. क्रियापद असताना टू नको, ‘आय व्हिजिटेड हर’, नाम झाल्यावर ‘माय व्हिजिट टू हर’. माहेरी नव्हता तो सासरी मिळाला. माझ्या आठ गोलांपैकी दोन या व्हिजिटचे होते.

जाण्यायेण्याची नामं त्या मानाने सरळ निघाली, कारण दवाखाना म्हणजे सगळा जाण्यायेण्याचाच कारभार. ॲडमिशन टू, डिस्चार्ज फ्रॉम, ट्रान्स्फर फ्रॉम आयसीयू टू वॉर्ड, रेफरल टू. ऊन-हून म्हणजे फ्रॉम, ला म्हणजे टू, चालून जातं. इंग्रजीला जिथे आपल्याला दिसत नाही तिथेही वाट दिसते, हे एवढं लक्षात ठेवावं लागलं. आपण ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ म्हणतो, ते ॲलर्जी टू पेनिसिलिन. आपण ‘प्रश्नाचं उत्तर’ म्हणतो, ते आन्सर टू द क्वेश्चन, जणू उत्तर प्रश्नाकडे चालत निघालंय. एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा गुपचूप एक झाल्या. आपण गावाला जातो, पण ‘घराला’ जात नाही, ‘घरी’ जातो. तेही गो होम म्हणतात, पेशंटला ‘डिस्चार्ज्ड होम’ लिहितात, टू न लावता. मी दहा वर्षं ‘गो टू होम’ लिहीत होते.

शेवटचा खड्डा ‘रिटर्न टू’चा. गाडी चालवणं पुन्हा सुरू करायचं, तर मी लिहिलं ‘रिटर्न टू ड्राइव्ह’. पाहिजे होतं रिटर्न टू ड्रायव्हिंग. यावर माझी मी युक्ती काढली आणि सिस्टरनीही ती पुढच्या बॅचला सांगितली, म्हणून लिहिते. टू नंतर खानापूर घालून बघायचं. रिटर्न टू खानापूर होतं, म्हणजे हा टू मुक्कामाचा, पुढे क्रियापद आलं तर ड्रायव्हिंग. ॲबिलिटी टू खानापूर होत नाही, म्हणजे पुढे नुसतं ड्राइव्ह. पत्राच्या शेवटचं ‘लुक फॉरवर्ड टू हिअरिंग’ही याच परीक्षेत बसतं. वे हा शब्द दोन्हीकडे बसतो, वे टू खानापूर आणि वे टू गो, त्याच्या नादी मी लागले नाही.

दुसऱ्या फेरीत केस नोट्समधल्या आजी घरी पडल्या होत्या. धोका, भीती, पडण्याचा इतिहास, चालायला त्रास, मुलीची नियमित भेट. वाचतानाच मला हसू आलं, शेजारच्या टेबलवरच्या मुलीने बघितलं. पत्र ३८ व्या मिनिटाला संपलं. डिफिकल्टी तीनदा आली होती, तिन्ही वेळा कपाटाचं दार आठवलं.

निकाल लागला तेव्हा लिहिण्यात ३३० होते. आईला फोन केला तर म्हणाली, “पास झालीस ते कळलं, आलो आलो म्हणतेस, कधी येणार ते सांग.” रजेचा अर्ज घेऊन बसले. ‘लीव्ह टू गो टू होम’ लिहिलं, आणि दुसरा टू खोडला.